आफ्रिकेतले मणी, रत्नागिरीची पोत

आफ्रिकेवर कुठेही बोलायला गेलं आणि गळाभर मणी घातलेल्या बाईचा फोटो पडद्यावर आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: या बायका एवढे मणी का घालतात? दुसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो: आणि कपडे एवढे कमी का?

दोन्ही प्रश्न सरळ आहेत आणि त्यांना सरळ उत्तरं आहेत. पण आधी एका रशियन व्यापाऱ्याची आठवण काढू. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन चौलच्या बंदरात उतरला. परतीचं जहाज त्याने आपल्या दाभोळहून पकडलं. मधल्या काळात काय पाहिलं, हे त्याने लिहून ठेवलं आहे. इथल्या बायका उघड्या डोक्याने आणि उघड्या छातीने हिंडतात, अशी नोंद त्यात अगदी सुरुवातीलाच आहे. आपण आज पूर्व आफ्रिकेतल्या मसाई बाईच्या फोटोकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने तेव्हा आपल्याकडे कोणी तरी पाहत होतं.

आणखी एक गोष्ट. ‘आफ्रिकेतल्या बायका’ म्हणजे नेमक्या कोण? तिथे ५४ देश आहेत आणि हजाराहून जास्त भाषा. इकडे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी कुणबीण, खारवीण, भट-भिक्षुकाच्या घरची बाई आणि महारवाड्यातली बाई, या चौघी एका आठवडा बाजारात आल्या तर लांबून ओळखू येत. जिल्ह्याचा विस्तार जेमतेम आठ हजार चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत एवढी विविधता कशी आली, हे समजलं की आफ्रिका समजायला सोपी जाते. म्हणून या प्रकरणात आपण इथून तिथे जाऊ.

१. आधी पायाखालची जमीन

नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. आजची सहा वार साडी साडेपाच मीटरची. हे वरचे पावणेतीन मीटर जातात कुठे? पायांच्या मधून. लुगडं कमरेला गाठ मारून बांधायचं, पुढे निऱ्या घालायच्या, एक टोक दोन पायांमधून मागे नेऊन खोचायचं. हा कासोटा. दुसऱ्या टोकाचा पदर. कासोट्यामुळे दोन्ही पाय सुटे होतात. बाई उकिडवी बसू शकते, बांध ओलांडू शकते, झाडावर चढू शकते. गोल नेसलेल्या साडीत यातलं काही धड जमत नाही.

कापड तेच, पण नेसण प्रत्येकीची वेगळी. कुणबीण लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढून घट्ट कसायची आणि पदर कमरेला आवळायची. ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत, काठ दिसेल अशी, निऱ्या मोकळ्या. मुंबई-रायगडच्या कोळिणीने लुगडं कमरेखाली चापून बसवलं आणि छातीवर चोळीच्या जोडीला फडकी हे वेगळं वस्त्र घेतलं. डोक्यावर माशाची पाटी असताना वाऱ्याने उडणारा पदर सांभाळायचा कोणी?

‘ही त्या जातीची नेसण’ असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती आधी त्या कामाची नेसण असते. जात तिला नंतर चिकटते. आषाढात लावणीच्या वेळी पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहायचं असेल, तर घोट्यापर्यंतचं लुगडं दुपारपर्यंत चिखलाने जड होऊन बसेल. गुडघ्यावरचं लुगडं हा शेतीच्या अवजारासारखाच कामाचा भाग होता.

त्याच शेतातला दुसरा पोशाख म्हणजे इरलं. त्याला कोणी पोशाख म्हणत नाही, पण अंगावर घालायचंच ते. बांबूच्या पातळ कांबींची दोन जाळीदार विणकामं, आणि मध्ये पळसाची किंवा कुंभ्याची पानं एकावर एक दाबून बसवलेली. डोक्यावर टेकवलं की पाठीवरून कमरेखालपर्यंत येतं. लावणी करणारी बाई सगळा वेळ कमरेत वाकलेली असते. सरळ उभ्या माणसाला इरलं बोजड वाटेल; वाकलेल्या पाठीवर ते बरोब्बर बसतं, पाणी मागच्या मागे ओघळून जातं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे एक हात छत्रीत अडकवून लावणी होत नाही. आता इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. तो वाऱ्यात अंगाला चिकटतो आणि आत घामाने माणूस भिजतोच, पण तो स्वस्त आहे आणि कोणाला विणावा लागत नाही.

आता याच चष्म्यातून नामिबियाकडे बघा. तिथल्या वायव्येकडच्या कुनेने भागात हिंबा लोक गुरं पाळतात. बायका लोण्यात लाल दगडाची पूड कालवून तो लेप, ओटजिझे, अंगाला आणि केसांच्या बटांना लावतात. लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर कातड्याचा मुकुट असतो, एरेंबे. अंगावर कापड जवळजवळ नाही. पण तिथे पाऊस जेमतेम, कापूस नाही, आंघोळीला पाणी नाही. ऊन आहे, कोरडी हवा आहे, गुरांमुळे लोणी आणि कातडी आहेत. कोकणातल्या बाईला भिजण्यापासून वाचायचं होतं, हिंबा बाईला सुकण्यापासून. ‘कपडे एवढे कमी का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. कुणबिणीचं लुगडंही मुंबईच्या साहेबाला अपुरंच वाटलं असणार.

२. लाखेवरचं सोनं

दागिन्याचं गणित वेगळं. तो कामासाठी नसतो. उलट कामात अडतो. मग चार घास कमी खाऊन बाई तो का करते?

रत्नागिरीतल्या फार मोठ्या लोकसंख्येचं घर मनीऑर्डरवर चालायचं. पुरुष गिरणगावात, बाई गावी. हातात पैसा येई तो थोडा आणि अधूनमधून. बँक तालुक्याला, तीही पुरुषांची. अशा वेळी गळ्यातलं डोरलं किंवा पुतळ्यांची माळ म्हणजे बाईच्या नावावरचं, तिच्या अंगावर असलेलं, संकटात मोडता येणारं एकमेव खातं. पुतळ्यांच्या माळेची सोय अशी, की बरं वर्ष आलं की एखादी पुतळी वाढवता येते आणि वाईट आलं की तेवढीच काढून विकता येते.

पण सोनं महाग. यावर आपल्या सोनारांनी काढलेली युक्ती म्हणजे लाखेवरचा दागिना. तो साधारण उकडीच्या मोदकासारखा असतो: बाहेर पातळ पारी सोन्याची, आत सारण लाखेचं. किती फरक पडतो ते करून बघू.

बोरमाळेतला एक मणी आठ मिलिमीटर व्यासाचा धरा. तो बावीस कॅरटचा भरीव केला तर वजन साधारण पावणेपाच ग्रॅम. असे ४० मणी ओवले की १९० ग्रॅम, म्हणजे सोळा तोळ्यांच्या वर. आता तोच मणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीच्या पत्र्याचा करा आणि आत लाख भरा. चाळीस मण्यांना मिळून सोनं लागेल १४ ग्रॅम. सव्वा तोळ्याच्या आसपास! लाख धरूनही माळ २५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. दिसायला दोन्ही माळा सारख्याच. मानेला मात्र दुसरी बरी. तोटे दोन. दाबला तर पोचा पडतो, आणि मोडायला नेला की सोनार लाख वजा करून भाव सांगतो. तेव्हा कळतं की आयुष्यभर मिरवलं त्यात खरं सोनं किती होतं.

आफ्रिकेत हेच गणित मालीतल्या फुलानी बायकांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवलं. त्यांची कानातली पिळदार पानांच्या आकाराची, सोन्याची, कधी कधी मुठीएवढी. सोनं ठोकून पातळ केलेलं, त्यामुळे आकाराच्या मानाने हलकं. तरीही कानाच्या पाळीला भार होतोच. म्हणून मोठ्या कानातल्यांना डोक्यावरून एक पट्टी किंवा दोरा घेऊन आधार देतात. आपल्याकडे भारी कुड्या-झुब्यांचा भार केसांत अडकवलेल्या वेलावर टाकतात, तीच क्लृप्ती. दोघींची कधी गाठ पडली नाही. पण कानाची पाळी दोघींची सारखीच मऊ आहे.

नथीबद्दल एकच सांगतो. तिच्यातले ‘बसरा मोती’ इराणच्या आखातातले. जपानमध्ये मोत्यांची शेती सुरू झाली आणि १९३० च्या दशकात आखातातला मोत्यांचा धंदा बसला. तेव्हापासून गरिबाच्या घरीही मोत्याची नथ आली. जुन्या नथीला ‘अस्सल बसरा’ म्हणून मान मिळू लागला तो खरा त्यानंतरच.

३. मणी आले कुठून

आता पहिल्या प्रश्नाकडे. मसाई बाईच्या गळ्यातला लाल-निळा-पांढरा गोल हार बघून तो हजारो वर्षांची आफ्रिकी चीज वाटतो. त्यातले काचेचे बारीक मणी मात्र बहुतेक बाहेरून आलेले. एकोणिसाव्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियातले कारखाने ते पिंपांनी भरून पूर्व आफ्रिकेत पाठवत. आजही मसाई बायकांचे आवडते मणी चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स गावाकडून येतात. हार कसा ओवायचा, कोणता रंग कोणाशेजारी बसवायचा, हे सगळं मात्र त्या बायकांचं.

युरोपच्या आधी हे मणी कोण पुरवत होतं? बरेचसे आपण. दक्षिण आफ्रिकेत लिंपोपो नदीकाठी मापुंगुब्वे हे तेराव्या शतकातलं राज्य होतं. तिथल्या थडग्यांतून सोन्याच्या वस्तूंबरोबर काचेचे मणी ढिगाने निघाले, ते हिंदी महासागर ओलांडून आलेले. चौलच्या उत्खननात सापडलेल्या काही मण्यांच्या काचेची रासायनिक घडण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या मण्यांशी जुळते. चौल आणि दाभोळ ही एकाच किनाऱ्यावरची, एकाच व्यापारातली बंदरं. मोसमी वारा वर्षातले काही महिने गलबतांना आफ्रिकेकडे ढकलतो आणि उरलेल्या काळात परत आणतो. कापड आणि मणी जात. हस्तिदंत आणि सोनं येई. गुलामही येत.

म्हणून आजीच्या गळ्यातली काळी पोत जरा जवळून बघा. वाट्या सोन्याच्या, पण पोतीचे मणी काचेचे. सोनं मोडलं तरी पोत मोडत नाहीत. बाजारभावाने पाहिलं तर तिची किंमत जवळजवळ शून्य आणि मानाने पाहिलं तर सगळ्यात वर. काचेचा स्वस्त मणी एखाद्या समाजात लग्नाची खूण कसा होतो, याचं उदाहरण शोधायला केनियाला जायचं कारण नाही.

व्हेनिसचा धागा तर दोन्हीकडे आहे. तिथल्या मण्यांनी आफ्रिका भरली आणि तिथली सोन्याची नाणी, डुकाट, आपल्याकडे आली. त्या नाण्यांवर माणसांच्या आकृती असत. दख्खनमध्ये लोक त्या नाण्याला पुतळी म्हणू लागले आणि त्याची माळ करून बायका गळ्यात घालू लागल्या. म्हणजे मघाशी जिला आपण बाईचं खातं म्हटलं, त्या माळेतलं चलन मूळचं परदेशी.

मण्यांच्या रंगांचे अर्थ सांगणारी कोष्टकं फार लोकप्रिय आहेत: झुलू लोकांत पांढरा म्हणजे शुद्ध प्रेम, अमका म्हणजे मत्सर. त्यात तथ्य आहे, कारण झुलू मुली खरोखरच मण्यांच्या पट्टीतून प्रियकराला निरोप धाडत. पण अर्थ खोऱ्याखोऱ्याला बदलत आणि कित्येकदा तो धाडणारीला आणि घेणाऱ्यालाच माहीत असे. छापील कोष्टकं पर्यटकांसाठी असतात.

४. कोणी काय घालायचं, हे कोण ठरवतं?

इथपर्यंत काम, पैसा आणि व्यापार. पण गुडघ्यापर्यंतचं लुगडं कामाचं होतं म्हणताना मी एक गोष्ट मागे ठेवली. कुणबीण लग्नकार्यात लुगडं खाली सोडू शकत असे. काही बायकांना ती मुभा नव्हती.

डिसेंबर १९२७. महाडची दुसरी परिषद, मनुस्मृतीचं दहन २५ तारखेला झालेलं. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं. कोकण त्यांना परकं नव्हतं: मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, बालपणाचा काही काळ दापोलीत. त्या भाषणाचा बराच भाग चक्क कपड्यांवर आणि दागिन्यांवर होता. तुमची आखूड नेसण ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती बदला, असं त्यांनी सांगितलं. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही. गळ्यातल्या ढीगभर माळा, कोपरापर्यंतच्या चांदीच्या नाही तर कथलाच्या गोट-पाटल्या, ही ओळखीची दुसरी खूण, तीही टाका. घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, नाही तर घालू नका. परिषदेहून परतायच्या आधीच कित्येक बायकांनी लुगडं पायघोळ सोडलं.

आजच्या वाचकाला यात एक खटकतं. पारंपरिक दागिना टाका असं सांगणं म्हणजे संस्कृतीवर घाला नव्हे का? मला तसं वाटत नाही. जो दागिना घालण्याची मुभा आहे पण टाकण्याची नाही, तो दागिना उरत नाही. संग्रहालयाच्या काचेआड चांदीचे जाडजूड गोट सुंदर दिसतात. ज्या मनगटावर ते बाजारात लांबून दिसावेत म्हणून होते, ते मनगट तिथे नसतं. लेखिका उर्मिला पवार यांचं गाव फणसवळे, रत्नागिरी तालुक्यातलंच. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. त्यांच्या आत्मकथेचं नाव ‘आयदान’. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं, टोपल्या. त्यांची आई ती विणून घर चालवी. भिजू नये म्हणून एका बाईच्या पाठीवर जे इरलं असे, ते बऱ्याचदा दुसऱ्याच बाईच्या बोटांनी विणलेलं असे.

सक्तीचा वेश वरच्या जातीतही होता. ब्राह्मण विधवेचं केशवपन करून तिला लाल आलवण नेसवत. चोळी नाही, काठ नाही, दागिना नाही. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे, त्यांच्या दुसऱ्या पत्नी बाया देवरुखच्या. १८९३ मध्ये कर्व्यांनी या विधवेशी लग्न केलं आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. रंगाचं कसं असतं पाहा: घानामध्ये आशांती लोक अंत्यविधीला लाल आणि काळं नेसतात, पण सगळेच, आणि शोकाचे दिवस संपले की उतरवून ठेवतात. आलवण मरेपर्यंत.

महाडला जे घडलं त्याच्याशी फार जवळचं उदाहरण झांझिबारचं आहे. तिथे गुलाम बायकांना काळपट-निळं साधं कापड नेसायला मिळे, कानिकी. ते कापड अंगावर दिसलं की दर्जा कळे. १८९७ मध्ये गुलामी कायद्याने संपली आणि या बायकांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर कानिकी टाकली. त्याऐवजी कांगा घेतली: रंगीत छापील सुती कापड, जोडीने विकलं जाणारं, चारी बाजूंनी किनार, मध्ये नक्षी आणि खाली एक छापील वाक्य. म्हण असेल, टोमणा असेल, सवतीला मारलेला टोला असेल. ज्या बायकांना कालपर्यंत बोलायची चोरी होती त्या आता कपड्यावरून बोलू लागल्या. आज पूर्व आफ्रिकेत कांगा ‘पारंपरिक वेश’ म्हणून ओळखली जाते. ती जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे, आणि त्यातली बरीचशी भारतात छापून जाते.

५. परंपरा म्हणजे किती जुनं?

नामिबियातच, हिंबांचे भाईबंद म्हणावेत असे हेरेरो लोक आहेत. त्यांच्या बायका घोळदार, लांब बाह्यांचे, एकावर एक परकर असलेले झगे घालतात आणि डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं आडवं फेटेवजा वस्त्र बांधतात. झगा एकोणिसाव्या शतकात जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांकडून आलेला, शिंगं गुराख्यांच्या जगातली. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मनांनी या समाजाची कत्तल केली. तरी झगा राहिला, आणि आज हेरेरो बाई तो अभिमानाने घालते. उसना घेतलेला कपडा आपला कधी होतो, याचं घड्याळ कोणाकडे नाही.

आपल्याकडे गाठीची चोळी जाऊन पोलकं आलं, पोलक्याचा ब्लाऊज झाला. कापूस कोकणात पिकत नाही, म्हणून लुगडी आधी घाटावरून उतरत, इलकलची, आणि चोळीचे खण गुळेदगुडचे. मग मुंबईच्या गिरण्या निघाल्या. गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी पिशवीतून गिरणीचं लुगडं आणी, आणि पुढे पुढे गोल नेसायची पातळंही. जिल्ह्यातल्या कितीतरी जणींचं कासोट्यातून बाहेर पडणं या पिशव्यांमधून झालं. नेसण सोपी, कापड कमी, पैसा कमी. शिवाय मुंबईला नवऱ्याच्या खोलीवर राहायला गेलेल्या बायका चाळीत गोल साडीच पाहत. सासवांनी कुरकुर केली. थोड्या वर्षांनी त्यांच्याही अंगावर तीच आली.

माणसं गेली तसे कपडेही प्रवासाला गेले. रत्नागिरी-रायगडातून निघालेली कोकणी मुसलमान कुटुंबं शंभराहून अधिक वर्षं केपटाऊनला आहेत. त्यांच्या पणत्या आज ‘आफ्रिकेतल्या बायका’च आहेत. उलट दिशेने आलेले सिद्दी जंजिऱ्याचे सत्ताधीश झाले, आणि दुसरे, गुलामगिरीतून सुटलेले, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या रानात स्थिरावले. या रानातल्या सिद्दी बायका शेजारणींसारखीच साडी नेसतात, कोकणी वळणाची बोली बोलतात, आणि जुन्या साड्यांचे तुकडे जोडून कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात. कपड्यावरून त्यांचं मूळ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आणि रत्नागिरीच्या बाजारात आता शिवलेली नऊवारी मिळते. कमरेला नाडी, मागे कासोटा टाके घालून पक्का केलेला, निऱ्या इस्त्री करून बसवलेल्या. परकरासारखी पाय घालून चढवायची. गौरीच्या आधी शिंप्यांकडे रांग असते. जुन्या बायका नाक मुरडतात, आणि त्यांचं एक म्हणणं खरंही आहे: यात नेसणारीच्या हाताला काही करायला उरलेलं नाही. पण ती नेसून मुली स्कूटर चालवत ग्रामदेवतेच्या देवळात जातात. शिंपी फक्त कंबर आणि उंची विचारतो. जात विचारत नाही.